हौसाबाईच्या गोधड्यांची वाटणी

मी, श्रीमती हौसाबाई काळूराम तरे, वय अंदाजे सत्तर (जन्माची नोंद कुठे नाही, खाडीचे खारे पाणी अंजूरच्या भातात शिरले त्या साली झाले असे आई सांगे), धंदा घरकाम व पूर्वी कापडाच्या लूमवर सुताच्या कांड्या भरणे, राहणार कामतघर, भिवंडी, जिल्हा ठाणे, आज रोजी राजीखुशीने हे मृत्युपत्र करून ठेवते. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही, कोणाची होऊही शकली नाही. डोके ठिकाणावर आहे. खात्री हवी असल्यास माझी सून तुळजा हिला विचारावे, ती सांगेल की सासूचे डोके गरजेपेक्षा जास्तच ठिकाणावर आहे.

मला लिहिता येते, पण बोटे आता सुईला जेवढी वळतात तेवढी लेखणीला वळत नाहीत. म्हणून कचेरीबाहेर बसून लोकांचे दस्त लिहिणारे दामूभाऊ यांना घरी बोलावले आहे. त्यांच्याशी बोली अशी झाली आहे की मी बोलेन ते सगळे उतरवायचे. त्यांनी सुरुवातीलाच सांगितले की मृत्युपत्रात एवढे बोलायचे नसते. मी म्हटले, माणूस मेल्यावर बोलणार कधी?

कलम १. कामतघर येथील दोन खोल्यांचे कौलारू घर, पडवी व मागील न्हाणीसह, माझ्या मागे मुलगा केसरीनाथ व सून तुळजा या दोघांच्या नावे करावे. एकट्या केसरीनाथच्या नावे नको. तो भला आहे, पण मित्र मागेल ते देऊन बसतो, आणि घर मागणारा मित्र भिवंडीत कधीही भेटेल. मुलगी चंद्रा मानकोलीला दिली आहे. तिचे माहेर हेच. ती आली की तिला पाहुणीसारखे ताट वाढू नये, स्वतः वाढून घेऊ द्यावे.

पडवी भिंत घालून बंद करू नये. केसरीनाथला तिथे एक लूम टाकायचा आहे हे मला ठाऊक आहे. मी जन्मभर त्या खडखडाटात कांड्या भरल्या, मला मेल्यावर तरी घर शांत पाहिजे. माझा फोटो लावणार असाल तर पडवीतच लावा.

कलम २. पोस्टात थोडी शिल्लक आहे. त्यातून माझे दिवसपाणी साधेपणाने करावे व उरेल ते दोघा मुलांनी सारखे वाटून घ्यावे. बाराव्याला वांग्याची भाजी करू नये. माझ्या नवऱ्याच्या बाराव्याला केली होती, ती कच्ची राहिली, आणि लोक आजपर्यंत काळूरामाचे नाव निघाले की आधी वांग्याबद्दल बोलतात. माणूस एवढा चांगला होता.

कलम ३. पुतळ्यांची माळ चंद्राला. पाटल्या तुळजाला. दोघींनी अदलाबदल केली तरी माझी हरकत नाही, फक्त ती माझ्यासमोर करू नये, म्हणजे करणारच असाल तर थांबा.

कलम ४. हत्यारे. कात्री, मेणाचा गोळा आणि बोटात घालायचे पितळी अंगुस्तान चंद्राला. तिला शिवता येते, कंटाळा करते एवढेच. माझी सर्वांत लांब सुई मात्र नणंद आक्का हिला द्यावी. माझ्या लग्नानंतरची पहिली गोधडी पाहून आक्का साऱ्या आळीसमोर म्हणाली होती, "ह्यो टाका हाय का चिंबोरीची चाल?" टाका खेकड्यासारखा तिरका गेला होता हे खरे आहे. पण त्यानंतर आजपर्यंत तिने स्वतः एकही गोधडी शिवली नाही. आता सुई घ्यावी आणि सरळ चालून दाखवावे. माझा राग या सुईबरोबर संपला असे समजावे.

कलम ५. गोधड्या. दामूभाऊ, इथे सावकाश लिहा.

माझी खरी मिळकत हीच. काही सासरच्या गावी अंजूरला असताना शिवल्या, बऱ्याचशा इथे आल्यावर. कामाची पाळी संपली की लूमचा सेठ फाटकातुटका कपडा बायकांना वाटून देई. केसरीनाथ अजूनही लूमवरून कोऱ्या कपड्याचे तुकडे आणून देतो. ते मी वर लावते. आत मात्र जुनेच घालते, धोतर, लुगडी, पोरांचे झगे. नव्या कापडाला ऊब ठाऊक नसते, ती अंगावर राहून यावी लागते. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. मी पाय पाहून अंथरूण शिवत गेले, आणि या घरात कोणाचे पाय कधी उघडे राहिले नाहीत.

आता तक्रार. माझ्या सासूबाई ठकुबाई यांच्याजवळ एक गोधडी होती. तिला त्या "चांगल्यातली" म्हणत. कोणी चांगले आले की काढू, असे म्हणून ती पेटाऱ्यात ठेवलेली. जावई आला, तो तेवढा चांगला ठरला नाही. व्याही आले, तेही ठरले नाहीत. शेवटी सासूबाई स्वतःच आजारी पडल्या, थंडी भरून आली, तेव्हा मी पेटारा उघडला. कसर लागून गोधडीची चाळण झाली होती. उचलली तशी घडीघडीवर फाटली. सासूबाईंनी पडल्या पडल्या पाहिले आणि म्हणाल्या, "हौसे, कसरीच्याच नशिबात व्हती गं." त्या गेल्या तेव्हा अंगावर माझे लुगडे होते. त्या पेटाऱ्याचा मला अजून राग येतो.

आणि माझ्याच घरात आज पत्र्याची पेटी आहे. सून तुळजा हिने माझ्या गोधड्या धुऊन, घड्या घालून, डांबरगोळ्या टाकून तिच्यात बंद केल्या आहेत. पेटीला कुलूप, किल्ली तिच्या कमरेला. गेल्या थंडीत जावई दौलतराव मुक्कामाला आले, त्यांना बाजारातले ब्लँकेट दिले. सकाळी जावई अंग खाजवत चहाला बसले. मी शिवणारी जिवंत, गोधड्या कुलपात, आणि जावयाच्या अंगाला कंड. मागितल्या तर तुळजा म्हणते, "फाटतील, आई." फाटण्यासाठीच शिवतात, नाहीतर ठिगळ कशाला शोधून काढले?

याउलट चंद्राकडे माझ्या दोन गोधड्या आहेत. एकीवर मिरच्या वाळतात, पोरे तिच्यावर बसून एकमेकांना अंगणभर ओढतात. दुसरीत म्हैस व्याली तेव्हा थंडीत रेडकू गुंडाळले होते. मी गेले तेव्हा एका कोपऱ्याला तिसरे ठिगळ लागलेले पाहिले आणि दोन घास जास्त जेवले.

सबब, पेटीतील सर्व गोधड्या मुलगी चंद्रा हिला द्याव्यात. सून तुळजा हिला त्यांपैकी एकही देऊ नये, कारण तिला वस्तू सांभाळता येते, वापरता येत नाही.

(वरील शेवटचा परिच्छेद रद्द आहे. दामूभाऊंनी त्यावर रेघ मारली आहे, पण वाचता येईल अशी मारायला मी सांगितले. कारण पुढे येते.)

एवढे लिहून झाले तेव्हा तुळजा चहा घेऊन दारात उभी होती. तिने शेवटचे ऐकले. कप खाली ठेवले आणि आत गेली. मला वाटले रुसली. साक्षीसाठी बोलावलेले माझे चुलत दीर रामनाथ व शेजारचे, लूम दुरुस्त करणारे नामा जॉबर हे दोघे उगाच कौलांकडे पाहू लागले. मग ती किल्ली घेऊन बाहेर आली, पेटी ओढत पडवीत आणली आणि उघडली. वरच्या सगळ्या गोधड्या काढून तिने माझ्या पुढ्यात ठेवल्या. तळाशी एक राहिली. काळूरामाची धोतरे आणि माझे लग्नातले हिरवे लुगडे घालून शिवलेली, जुनी, रंग उडालेली. ती मी इतकी वर्षे अंगावर घेत असे. हरवली असे समजून मी तिचा नाद सोडून दिला होता.

तुळजा म्हणाली, "ह्या सगल्या न्या. चंद्राताईंना द्या. मना ही एकच पायजे. बाकीच्या हिच्यावर ठेवल्या, कोनाला दिसू नये म्हनून. ही मी धुतली बी न्हाय."

मी विचारले, "का गं? हिच्यात काय सोनं शिवलंय?"

ती म्हणाली, "तुमचा वास हाय. लग्न होऊन आले आन् मना हिवताप आला, तवा तुमी मना हिच्यात घेऊन निजल्या व्हत्या. माझी आई गेली तवा मी ल्हान व्हती. तिचं एक लुगडं ठेवलं न्हाय कुनी, सगलं धुवून वाटून टाकलं. वापरली का धुवाला लागंल, धुतली का वास जाईल. मग तुमच्यामागं मी काय हुंगू?"

दामूभाऊंनी विचारले, हेही लिहायचे का? मी म्हटले, हेच लिहायचे आहे, बाकी नसते लिहिले तरी चालले असते.

म्हाताऱ्या बाईचा वास कोणी कुलपात ठेवत असेल असे माझ्या स्वप्नातही नव्हते. मी तिला कंजूष समजत होते. मी गोधडी जवळ घेतली आणि नाकाला लावली. डांबरगोळ्यांशिवाय कसलाही वास नव्हता. तुळजाच्या नाकाला लावली. तिचा चेहरा एकदम पडला. रोज पेटीजवळून जाणाऱ्या बाईला ती उघडून पाहण्याचा धीर झाला नव्हता, वास उडून जाईल म्हणून. तो तर गोळ्यांनी केव्हाच खाल्ला होता. मला आधी हसू आले आणि लगेच रडू आले, आणि ती तर रडतच होती. नामा जॉबर डोळ्यांत कापूस गेला म्हणाले. ते पडवीत बसले होते, लूमवर नव्हते.

मी म्हटले, "रडू नको. वास पेटीतनं येत न्हाय, अंगातनं येतो, आन् अंग अजून हाय. आजपासून ही गोधडी मी घेनार. उन्हात टाकून गोळ्यांचा वास घालवू, मग रोज मी हिच्यात निजनार. मी गेले का तुझी. धुवू नको म्हनजे झालं."

तेव्हा रामनाथ भावोजी खाकरले. ते म्हणाले, "वहिनी, असं व्हत न्हाय. मेल्या मानसाचं अंथरून घरात ठेवत न्हाय. ते जातं मसनात, न्हायतर टाकून देतात. ही आपली रीत हाय." भावोजी खोटे बोलत नाहीत. रीत आहे. माझ्या सासूबाईंचे अंथरूण मीच नेऊन टाकले आहे. तुळजा गोधडी हातात धरून माझ्याकडे पाहत राहिली, जशी काही ती आताच कोणी ओढून नेणार आहे.

मी थोडा विचार केला. चहा निवत होता, तो प्यायला. मग दामूभाऊंना विचारले, एखादी वस्तू मी आज देऊन टाकली तर मरताना ती माझी राहील का? ते म्हणाले, नाही. जी तुमची नाही तिचा मृत्युपत्रात उल्लेखच करता येत नाही. मी म्हटले, छान, मग तोच उल्लेख करा.

कलम ५, सुधारून. पेटीतील गोधड्या चंद्रा व तुळजा यांनी समजुतीने वाटून घ्याव्यात. अट एकच, त्या वापराव्यात. पाहुण्याला द्याव्यात, पोरांना द्याव्यात, मळल्या तर धुवाव्यात, फाटल्या तर ठिगळ लावावे, आणि ठिगळ लावण्याजोगी जागाही उरली नाही तर दाराशी पाय पुसायला टाकाव्यात. तिथवर पोचलेली गोधडी मला सर्वांत आवडेल. पत्र्याच्या पेटीत तांदूळ भरावेत.

कलम ६. माझे दोन्ही हात धडधाकट असेतो मी आणखी शिवणार आहे. तेव्हा गोधड्यांची यादी या दस्ताला जोडलेली नाही. दामूभाऊंचा यादीचा आग्रह होता, तो मी मोडला.

कलम ७. काळूरामाची धोतरे व माझे हिरवे लुगडे घातलेली जुनी गोधडी माझ्या मिळकतीत धरू नये. ती आज रोजी, वर नमूद साक्षीदारांसमोर, मी सून तुळजा हिला कायमची देऊन टाकली आहे. ती तिच्या मालकीची आहे. तिच्या परवानगीने मी ती वापरायला उसनी घेतली आहे. मी मरेन तेव्हा ती माझ्या अंगावर असली तरी ती माझे अंथरूण नव्हे. लोकांची उसनी वस्तू मेलेल्याबरोबर कोणी जाळत नाही की टाकत नाही, ती धन्याच्या घरी पोचती करतात. ही रीत आधीची आहे. भावोजींनी ऐकून मान हलवली आहे, त्यांची सही खाली आहे.

या दस्तातील खोडाखोड माझ्या सांगण्यावरून झाली आहे. हे पाळले जाते की नाही हे पाहण्याचे काम रामनाथ भावोजींकडे. सर्व मजकूर दामूभाऊंनी मला मोठ्याने वाचून दाखवला. माझे शब्द त्यांनी जागोजागी शहाणे केले आहेत, पण अर्थ माझाच आहे. माझे कोणाशी काही राहिलेले नाही. सुखात आहे.

मुक्काम कामतघर, भिवंडी. मंगळवार, दिनांक ९ डिसेंबर १९७५.

सही: हौसाबाई काळूराम तरे

साक्षीदार: रामनाथ तरे, राहणार अंजूर
साक्षीदार: नामा भोईर, जॉबर, राहणार कामतघर
दस्त लिहिणार: दामू, कचेरीजवळ, भिवंडी

(ज्याला काही मिळणार त्याची साक्षीदार म्हणून सही चालत नाही असे दामूभाऊ म्हणाले. परंतु उसनी वस्तू देणाऱ्या धनिणीची सही घेण्यास हरकत नसावी, म्हणून खालील ओळ तुळजाने स्वतःच्या हाताने लिहिली आहे.)

गोधडी उसनी दिली हाय. परत द्याची घाय करू नका.
तुळजा केसरीनाथ तरे