खोडलेल्या ओळी

बाई, सातवीत तुम्ही माझ्या गणिताच्या पक्क्या वहीचं पान सगळ्या वर्गासमोर फाडलंत. उत्तर बरोबर होतं. त्याआधीच्या दोन ओळी तेवढ्या खोडलेल्या होत्या. "पहिल्या नंबराच्या मुलीच्या वहीत खाडाखोड?" एवढंच म्हणालात. मी रडले नाही. पण त्या दिवसापासून आधी कच्चं, मग पक्कं, असंच लिहीत मी बोर्डात आले, इंजिनिअर झाले आणि आता अमेरिकेत, पार्सिपनीतल्या एका ऑफिसात बसते आहे. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली.

माझ्याकडे ऑफिसातले साठ कॉम्प्युटर सांभाळण्याचं काम आहे. सकाळी कोणत्या कॉम्प्युटरनं कोणत्या प्रिंटरशी जोडून घ्यायचं, असे सगळे हुकूम एका लांबलचक फाइलीत ओळीनं लिहिलेले असतात. ती स्क्रिप्ट, आणि ती ज्यात लिहायची तो एडिटर. पहिल्या आठवड्यात त्या एडिटरची मला भीतीच वाटे. त्यात हुकूम निळे दिसतात. पण ओळीच्या आरंभी एक चिन्ह टाकलं की ती हिरवी होते आणि कॉम्प्युटर तिला ओलांडून पुढे जातो. माझ्या आधीच्या माणसानं अशा कितीतरी हिरव्या ओळी मागे ठेवल्या होत्या. मला ती निव्वळ खाडाखोड वाटली. सवयीप्रमाणे मी सगळी फाइल आधी कागदावर उतरवून घेतली आणि मग एकेक हिरवी ओळ पुसून टाकली. शेजारच्या टेबलावरचा नागपूरचा सहकारी हसत होता. "अगं, हा एडिटर आहे, बोर्डाचा पेपर नाही! डायरेक्ट टाइप कर ना यार."

सोमवारी प्रिंटर सांभाळणारा नवा सर्व्हर बंद पडला. साहेब म्हणाले, जुन्या सर्व्हरच्या ओळींवरची चिन्हं काढा, तो चालू होईल. ओळी नव्हत्याच. बॅकअपच्या टेपवरची जुनी प्रत आणायची तर दुपार उलटली असती.

"हे कोणी साफ केलं?" साहेबांनी विचारलं.

"मी."

साहेबांनी नागपूरच्या सहकाऱ्याकडे बोट केलं. "मग उद्यापासून स्क्रिप्ट हा बघेल. तू टेप बदलायचं काम कर."

सहकारी मराठीत पुटपुटला, "सॉरी म्हण आणि सोडून दे."

मी सॉरी म्हटलं नाही. ड्रॉवरमधून कच्चे कागद काढले. "पुसलं मी, लिहीनही मीच. आणि स्क्रिप्ट माझ्याकडेच राहील," असं चारचौघांत म्हणाले. अकरा ओळी कागदावर बघून टाइप केल्या. प्रिंटर चालू झाले. साहेबांनी माझ्या अक्षराकडे बराच वेळ पाहिलं. "राहू दे तुझ्याकडे. पण यापुढे काही पुसायचं नाही."

बाई, तुम्ही चुकलात. त्या दोन ओळींत माझी पहिली रीत कुठे फसली ते लिहिलेलं होतं, आणि तुम्ही तेच फाडलंत. कच्च्या कागदाची सवय तुमच्या धाकानं लागली हे खरं, पण त्याचं श्रेय मी तुम्हाला देणार नाही. तुमच्या लेखी तो कागद फेकायचाच होता. आता माझी चुकलेली प्रत्येक ओळ चिन्ह लावून जागच्या जागी राहते आणि तिच्याखाली ती का चुकली ते मी लिहिते. माझ्यानंतर त्या खुर्चीत बसणाऱ्याला मी कुठे अडखळले ते दिसू दे. मला त्याची लाज वाटत नाही.

या पत्रातही तीन ठिकाणी खाडाखोड आहे, आणि ती मुद्दाम तशीच ठेवली आहे. खरं सांगायचं तर चौथीही होती. तेवढा कागद मात्र मी बदलला.