गाण्यातली किंकाळी

चिरंजीवांच्या बाबांना नमस्कार.

देवदयेने मी बरी आहे. तुम्ही गुडघ्याला तेल लावता ना? पोराचं रॉकचं गाणं बाहेर आलं, गल्लोगल्ली वाजतंय. त्यातली किंकाळी लोकांना फार आवडते.

ती खरी आहे. रेकॉर्डिंगमध्ये ताल चुकला म्हणून पोराने ड्रमवाल्याच्या तोंडावर गिटार हाणली. मी डबा घेऊन दारातच होते. त्या ड्रमवाल्याची किंकाळी पोराने गाण्यात तशीच ठेवली.

ड्रमवाल्याचा जबडा तारांनी बांधलाय. मी नळीने दूध पाजते. "जिन्यावरून पडलो असं सांगितलंय, काकू," त्याने वहीत लिहिलं. मी म्हटलं, "देवाला कुठला जिना दाखवशील?"

शेवटी तक्रार मीच लिहिली. सही त्याची, साक्ष माझी. पोलिसांनी पोराला नेलंय. तुम्ही या. त्याला सोडवायला नको. त्याच्यासमोर एकटीने जायचं मला धैर्य होत नाही.

तुमची,
सौ.