कोंडीच्या भाऱ्यातली काडी

मी लाडक्या नवसू झुगरे, वय अदमासे बासष्ट, धंदा पूर्वी तट्टूंची मुकादमी, हल्ली शेती, राहणार साखरशेत, संस्थान जव्हार, लिहून ठेवतो की, माझे गुडघे गेले आहेत पण डोके जागेवर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, दारूही पाजलेली नाही. मी सांगतो व गुरुजी लिहितात. माझ्या मिळकतीची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी.

१. राहते कुडाचे घर व मागची नागलीची जमीन पुतण्या फागू यास द्यावी. फागूची बायको माझ्याशी धड बोलत नाही, परंतु भाकर वेळेवर देते. सबब तिलाही घरातून कोणी काढू नये. घरास एक अट आहे, ती कलम चारमध्ये.

२. विळा, खरारा व दोन खोगिरे फागूसच. पितळी घंटा मात्र ज्या व्यापाऱ्याची तट्टे मी हाकली त्याच्या मुलास परत करावी. ती त्याच्या बापाने मला इमानी माणूस म्हणून दिली होती. मी इमानी नव्हतो, ते असे.

३. सन १९१० साली पावसाळ्यानंतर व्यापाऱ्याच्या तट्टांचे मागचे पाय लटपटू लागले. आठ दिवसांत तीन मेली. गवतात सांध्यासांध्याच्या हिरव्या काड्या निघाल्या. तशाच काड्यांचे भारे कोंडी नावाची बाई जव्हारच्या बाजारात भांडी घासण्यासाठी विकत असे. व्यापाऱ्याने विचारले, हे कोणाचे? मी बोट कोंडीकडे केले. गवत मी स्वतः ओढ्याकाठच्या पाणथळीत कापवले होते आणि मला नोकरी जाण्याची भीती होती. लोकांनी तिचा भारा भर बाजारात पायाखाली तुडवला. ती म्हणाली, ही काडी जनावर तोंडात धरत नाही. कोणी ऐकले नाही. तिच्या मुलीची, चैतीची, ठरलेली सोयरीक मोडली. मायलेकी संस्थानच्या हद्दीपलीकडे पोशेऱ्यास राहायला गेल्या.

पुढच्याच आठवड्यात मी गव्हाणीतली काडी आणि तिच्या भाऱ्यातली काडी शेजारी ठेवून पाहिली. त्या दोन निराळ्या होत्या. मी गप्प बसलो. चौदा वर्षे बसलो.

४. अट. दरवर्षी गवतकापणीआधी फागूने कापणाऱ्यांना पाणथळीत नेऊन दोन्ही काड्या ओळखायला शिकवावे. लांबून त्या सारख्याच दिसतात. घासायची काडी खरखरीत व ताठ असते, आडवी कापली तर आत मोठी पोकळी. दुसरी, तट्टे मारणारी, मऊ, खोल खाचांची, पोकळी सुई जाईल एवढीच. तरी शंका राहिली तर सांध्याजवळ पाहावे. प्रत्येक सांध्याला दातेरी खोळ असते. दुसरीच्या फांदीचे पहिले पेर त्या खोळीपेक्षा आखूड असते. ते पेर खोळीच्या वर आलेले दिसले तर ती दुसरी नव्हे. वाळल्यावरही ही खूण टिकते, मी वाळकी काडी भिजवून पाहिली आहे. मात्र दोन्हींपैकी कोणतीच घोड्याच्या गवतात जाऊ देऊ नये. मिसळलेल्या मुठीतून फागूस काड्या वेगळ्या करता आल्या नाहीत, तर घर माझी बहीण राही हिच्याकडे जावे.

५. घर मुळात मी कोंडीलाच देणार होतो. गेल्या महिन्यात फागूने मला पाठीवर घेऊन पोशेऱ्यास नेले. कोंडी भात झोडत होती. मी सगळे सांगितले. ती झोडतच राहिली. पेंढी संपल्यावर म्हणाली, "माना तुझा घर नको. लोकांसमोर माना घोडामारी ठरवलीस ना? मग लोकांसमोरच बोल."

मी म्हटले, मृत्युपत्रात लिहितो, मी मेल्यावर वाचतील.

"मेलेल्याला कोण जाब विचारील?" ती म्हणाली. "मी येन तेव्हा तू उभा पायजेस."

सबब हे मृत्युपत्र माझ्या मरणाची वाट न पाहता येत्या आठवडेबाजारी जव्हारच्या बाजारात गुरुजींनी मोठ्याने वाचावे. मला फागूने दोन्ही काखांत धरून उभे करावे. लोक काय म्हणतील ते मी ऐकून घेईन. कोंडीस निरोप गेला आहे. ती चैतीस घेऊन येणार आहे.

वाचून दाखवले, ऐकले, बरोबर आहे.

लाडक्या नवसू झुगरे, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार: ढवळू सोम्या वारघडे, अंगठा. रघु नवशा दिघे, सही.
लिहिणार: शाळेचे गुरुजी, सही.

मुक्काम साखरशेत, शुक्रवार, तारीख १४ नोव्हेंबर १९२४