दारांचं तेल

लोटन,

मी पहाटेच्या गाडीने धुळ्याला निघतेय, कॉलेजात मुलांचं प्रॅक्टिकल घ्यायचंय. तुला उठवलं नाही.

नानांसाठी तू आणलेला जवसाच्या तेलाचा डबा मी माळ्यावर ठेवलाय. ते रंगाच्या दुकानातलं तेल आहे. लवकर वाळावं म्हणून त्यात रसायनं घालतात. पोटात जाता कामा नये. पेपरात वाचलंस ते खरं आहे, जवसातली चरबी मेंदूला लागते आणि शरीर ती स्वतः बनवू शकत नाही. पण ती दाण्यातून द्यायची. तुझ्या शोभाला सांग, जवस मंद भाजून, लसूण-तिखट घालून आई कुटायची तसं जाडसर कूट, आणि थोडंच. राहिलं की खवट होतं. याने नानांचं विसरणं थांबेल असं मी म्हणत नाही. भाकरीबरोबर आवडीने खातील.

काल तू चमचा पुढे केलास, नानांनी तोंड फिरवलं आणि तू रागावलास, “लहान पोरासारखं काय करता?” तू गेल्यावर ते मला म्हणाले, “पोरी, हाई तेल दारले लावानं शे.”

आठवतं? दिवाळीआधी भडगावच्या घरी ते दारांना याच तेलाचा हात द्यायचे आणि आपण नाक धरून ओट्यावर बसायचो. काल माझं नाव त्यांना सापडत नव्हतं. तो वास मात्र लगेच सापडला.

उठल्यावर आधी त्यांना सांग, “नाना, तुमचंच बरोबर होतं.” बऱ्याच दिवसांत त्यांना हे कोणी म्हटलेलं नाही.

अक्का