उजवीकडची खुर्ची

बाई, चौथीत खिडकीजवळ बसणारी, फुटाणेवाल्याची थोरली मुलगी मी. तुम्हाला आठवायचं काही कारण नाही. त्या एका वर्गात आम्ही साठ-पासष्ट पोरी होतो, आणि तुम्ही जाऊनही आता पंचवीस वर्षं झाली. माझी पंचाहत्तरी उलटली. अक्षर तेव्हा होतं तसंच आहे, ओळ सोडून खाली घसरतं. "तुझं अक्षर उतारावरून पळतंय, त्याला धरून ठेव," असं तुम्ही म्हणायचात. ते धरता आलं नाही. जीभही धरता आली नाही, आणि आज लिहायला बसले ते त्या जिभेपायीच.

माझा नातू विमान चालवतो. म्हणजे चालवत होता. कॅप्टन होता. खांद्यावर चार पट्ट्या आणि विमानात डावीकडची खुर्ची, ती कॅप्टनची असते. करोनात विमानं जमिनीवर बसली तसं कंपनीनं त्याला बिनपगारी रजेवर घरी पाठवलं. दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे म्हणाले, त्याला चार वर्षं झाली. पुढं विमानं उडायला लागली, पण त्याच्या कंपनीची निम्मी उडालीच नाहीत. बायको-मुलीला घेऊन तो सोलापूरला आमच्या घरी आला, पण हातावर हात ठेवून बसला नाही. टेम्पो घेतला आणि जुळे सोलापूर भागातल्या फ्लॅटांना पाण्याचे जार पोचवायला लागला. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, गिऱ्हाइकाला काय तोटा? लोक वरून ओरडतात, "ओ कॅप्टन, तिसऱ्या मजल्यावर दोन जार!" तो हसतो आणि जिना चढतो. मी मात्र गल्लीत चार वर्षं एकच सांगत आले, "रजेवर हाय." समोरची म्हणाली, "एवढी रजा बाळंतिणीला बी मिळत न्हाई, काकू." मी तिच्याशी महिनाभर बोलले नाही.

गेल्या आठवड्यात कंपनीचं बोलावणं आलं. परत या, पण कॅप्टन म्हणून नाही. उजवीकडच्या खुर्चीत, दुय्यम म्हणून, तीन पट्ट्यांवर. त्याआधी महिनाभर दिल्लीला एका खोलीतल्या खोट्या विमानात सराव, मग परीक्षा. हो की नाही, ते सोमवारपर्यंत कळवायचं. आणि डावीकडं ज्यांच्या शेजारी बसायचं, त्यातला एक तर यानंच हाताला धरून शिकवलेला. गुरुवारी दुपारी तो माझ्यासमोर जेवायला बसला, भाकरी मोडली आणि म्हणाला, "अव्वा, तुला काय वाटतं?" त्याच्या बायकोनं "तुम्हाला पटेल ते करा" म्हणून हात झटकले होते, तेव्हा पाळी माझ्यावर आली. मी तर वाटच बघत होते.

"तू शिकवलेलं पोरगं तुला हुकूम सोडणार, आन तू व्हय साहेब, व्हय साहेब करणार? लाज हाय का न्हाई? आपल्याला काय अन्नाची भ्रांत पडलीया?"

"तसं न्हाई गं. उडायला तर मिळंल."

"आन परत घरी बसवलं तर?"

"ते काय सांगता येत न्हाई."

"मग झालं की."

"व्हय, झालं," तो म्हणाला, आणि दुसरी भाकरी न घेता उठला.

तो हात धुवायला गेला आणि मला माझंच बोलणं परत ऐकू आलं. बाई, हे मी आधी एकदा बोलले होते, दहा वर्षांची असताना. आईचं बाळंतपण अवघड झालं म्हणून दिवाळीनंतर मी घरी राहिले ती जूनपर्यंत. जूनमध्ये वडील म्हणाले, जा आता शाळेत. चौथी पुन्हा पहिल्यापासून करायची होती. आणि त्याच वर्गात माझी धाकटी बहीण वर चढून आली होती. तिची पाटी मी धुऊन द्यायची, तिला पाढे मी शिकवलेले. "तिच्याबरोबर बसू व्हय मी? लाज न्हाई वाटणार?" असं मी आईला म्हणाले आणि गेले नाही.

मग तुम्ही घरी आलात. भर दुपार आहे, तुमच्या हातात मिटलेली छत्री आहे, आणि मी ज्वारीच्या पोत्यांमागं. आई बाजेवरून कानडीत सांगते, "मन्याग इल्ला," घरात नाही ती. तसं सांगायला मीच तिला बजावलंय. पोत्यांमागून माझे पाय दिसत असणार. तुम्ही पाणी पिता, पोत्यांकडं तोंड करता आणि सावकाश म्हणता, "ती आली की सांगा, मागच्या बाकावर जागा ठेवली आहे. बहिणीपासून लांब." जाताना चौथीचं नवं कोरं पुस्तक ठेवून गेलात. पहिल्या पानावर तुमच्या अक्षरात माझं नाव होतं.

मी त्या पुस्तकाची पानं फाडून वडिलांच्या गाड्यावर फुटाण्याच्या पुड्या बांधल्या. कागद नव्हता म्हणून नाही. रद्दी ढिगानं होती. ते पुस्तक घरात दिसलं की अंगाची आग व्हायची, म्हणून. श्रावणात एका संध्याकाळी तुम्ही गाड्यावर आलात. वडील बाजूला गेले होते. मी मान खाली घालून पुडी बांधली, दिली, आणि दिल्यावर बघते तर वर माझं नाव. तुम्ही फुटाणे रुमालात ओतून घेतलेत. कागद तळहातावर सरळ केलात, वाचलात, घडी घालून पिशवीत ठेवलात. एक शब्द बोलला असतात, कान पिळला असतात, तर मी उलट काही बोलले असते आणि सुटले असते. "खमंग आहेत," एवढंच म्हणालात. त्यानंतर मी तुम्हाला रस्त्यात बघितलं की गल्ली बदलायचे.

हे झालं पोरपणीचं, त्याला माफी असेल. पुढचं ऐका. जन्मभर मी सांगत आले की मला बापानं शाळेतून काढलं. नवऱ्याला सांगितलं, लेकरांना सांगितलं. गरीब बिचारा बाप, फुटाण्याच्या भट्टीपुढं डोळे गेले त्याचे, आणि तो मरून गेल्यावरसुद्धा मी त्याला सोडला नाही. नातू कॅप्टन झाला तेव्हा समाजानं सत्कार केला. तो माइकवर म्हणाला, "माझ्या अव्वाला तिच्या वडिलांनी शिकू दिलं नाही, म्हणून तिनं आम्हाला शिकवलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत बसून पदरानं डोळे पुसले. तोंड मात्र उघडलं नाही.

अजून एक आहे. घरी आल्यावर पहिली दोन वर्षं तो रोज पहाटे गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचा. डोळे मिटलेले, ओठ हलतायत, हात पुढं हवेत, इथं काही दाबतोय, तिथं काही ओढतोय. नातसून म्हणाली, विमानाची सगळी कामं क्रमानं मनात करून बघतात, नाहीतर हात विसरतात. मी काय केलं? कट्ट्यावर जाऊन बायकांना म्हणाले, "आमचा कॅप्टन सकाळच्याला खुर्ची उडवतोय." काय हसल्या! दुसऱ्या दिवशी जार घेणाऱ्या एकानं त्याला विचारलं, "काय कॅप्टन, आज गच्चीवरनं कुटं, दुबई का?" तोही हसला म्हणे. पण खुर्ची पुन्हा वर गेली नाही. गेली दोन वर्षं त्या हातांनी सराव केलेला नाही, तो माझ्या एका विनोदापायी.

काल रविवार होता. तो अंगणात जार विसळत होता. मी पायरीवर बसले आणि म्हणाले, "माझी शाळा माझ्या बापानं सोडवली न्हाई. तो जा म्हणत होता. मीच लपून बसले."

त्याच्या हातातलं पाणी वाहतच राहिलं. "मग पणजोबांना एवढ्या शिव्या घातल्या त्या?"

"फुकटच्या."

"का लपलीस?"

"धाकटीच्या शेजारी बसायला लागलं असतं."

तो माझ्याकडं बघत राहिला. त्याच्या नजरेत राग असता तर बरं वाटलं असतं. हातातला जार उपडा ठेवून म्हणाला, "मग जाऊ म्हणतीस?"

"मी जा म्हणत न्हाई, नको बी म्हणत न्हाई. परवा बोलले ते माझं होतं, तुझं नव्हतं. तुझं तू बघ."

"अव्वा, हात विसरले असतील तर? त्या पोरासमोर चुकलो तर?"

"त्याला कुणी शिकवलं?"

"मीच की."

"मग त्याला येत असंल. चुकलास तर सांगंल."

तो पहिल्यांदा मोकळा हसला. नळ बंद केला, हात पुसले आणि आत जाऊन मोबाइलवर हो कळवून आला. पुढच्या सोमवारी निघेल. टेम्पो कुणाला द्यायचा ते नवराबायको आत ठरवतायत.

हे कुठं टाकायचं नाही, तुमच्या पत्त्यावर आता टपाल जात नाही. जात असतं तरी टाकलं नसतं. एवढं लिहिलं त्यातही एक झाकून ठेवलंच. नको जाऊ म्हणाले त्यात लाजेचा भाग निम्माच होता. टेम्पोचं दार आपटलं की तो फाटकापासून "अव्वा, भूक!" म्हणत आत येतो, चार वर्षं रोज. घरी बसवलेल्या नातवाचं हे सुख मला गोड लागलं होतं, बाई. ते त्याला सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो जाणार नाही.