सात नंबरची धूळ

४ नोव्हेंबर
आज घरात आले ते असे. भाचीचा जुना लॅपटॉप, फुकट. त्याची वायर, चारशे (वायरीचे पैसे घेतलेन, माझ्या बहिणीवर गेली आहे). माऊस, दीडशे. इंटरनेट शेजाऱ्यांचे, स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ टेकून बसल्यास फुकट. एकूण साडेपाचशे. मशीन आधी देवापुढे ठेवले, मग चालू केले.

कारण लिहून ठेवते. चिरंजीव सात नंबरच्या केंद्रावर हवेतली धूळ मोजतो. वडिलांशी भांडून गेला. फोन लागत नाही त्याला दीड वर्ष झाले. शेवटी लागला तेव्हा म्हणाला होता, आई, आमचे आकडे रोज वेबसाइटवर पडतात, ते येत आहेत तोवर समज की मी ठीक आहे. आकडे येत आहेत. म्हणजे ठीक आहे. आता त्या आकड्यांची चित्रे काढायची. त्यासाठी मशीनची आर नावाची भाषा असते. एका अक्षराची भाषा, आठवड्यात येईल. मॅट्रिकला गणितात वर्गात पहिली होते.

यांना सांगितले. म्हणाले, धूळच बघायची तर कपाटावरून हात फिरव.

११ नोव्हेंबर
आठवडा झाला. भाषा आली नाही. दोष कंसांचा. उघडलेला कंस मिटला नाही तर मशीन पुढे हलत नाही, नुसते अधिकचे चिन्ह दाखवून वाट बघत बसते. स्वभाव चांगला आहे पण.

१९ नोव्हेंबर
फक्त सात नंबर हवा म्हणून सबसेट, म्हणजे तेवढ्याच ओळी निवडून मागितल्या. मशीनने एकोणीसच्या एकोणीस केंद्रे एकावर एक काढून दिली. मुंग्यांचे वारूळ फुटल्यासारखे ठिपके. लोकांची मुले घेऊन मी काय करू?

भाचीला फोन. म्हणाली, मावशी, बरोबरचे चिन्ह एकदा नाही, दोनदा द्यायचे. एकदा म्हणजे तू सांगतेस, सात असे समज. दोनदा म्हणजे विचारतेस, तू सात आहेस का? मी म्हटले, विचारायचे कशाला, मला माहीत आहे. तर म्हणते, तुमच्या घरात तेच तर आहे मावशी, सगळे सांगतात, विचारत कोणी नाही. मोठी आली शहाणी. चारशे घेतलेन ते घेतलेन.

दोनदा दिले. ठिपक्यांची रेघ कशी करायची तेही विचारून घेतले. एकच रेघ आली. माझ्याची. डोळ्यांना पाणी आले. चष्म्याचा नंबर वाढला असणार.

२७ नोव्हेंबर
शोध लागला. कोणताही दिवस काढा, दुपारी एक दहाला रेघ तुटते आणि पावणेदोनला पुन्हा सुरू होते. म्हणजे जेवायला उठतो. घरी असताना चार हाका मारल्याशिवाय उठत नसे. देव पावला. उद्यापासून मीही एक दहाला जेवणार. हे बाराला जेवतात, जेवोत.

भाची म्हणाली, मावशी, त्या रिकाम्या ओळी काढून टाक, रेघ सलग येईल, चित्र स्वच्छ दिसेल. मी म्हटले, मग तो जेवायचा केव्हा? फोन कट झाला. रेंज गेली असेल.

८ डिसेंबर
हे बाराला ताटावर येईनासे झाले आहेत. एक दहाला येतात. विचारले तर म्हणाले, उन्हाची भूक लागत नाही. अंगात स्वेटर होता. आज पहिला घास घेता घेता म्हणाले, बसली का तुझी रेघ जेवायला? थट्टा करायची सवय आहे, मनावर घेत नाही. पण ताक दोनदा मागून घेतले.

१६ डिसेंबर
आज चुकून बरोबरचे चिन्ह एकदाच दिले गेले आणि पुन्हा सगळी केंद्रे आली. सगळ्यांना एक दहाला मधोमध पांढरी फट. एकोणिसांनाही. चष्मा पुसून पुन्हा पाहिले. मग लक्षात आले, मोठे खाते आहे, जेवणाची सुट्टी सगळ्यांना एकच असणार. शिस्त लागते.

मात्र फट रविवारीही आहे. म्हणजे रविवारीही कामावर. हे बरे नाही. खात्याला पत्र टाकले की सात नंबरच्या माणसाला आठवड्याची सुट्टी द्यावी. घरचा फोन नंबर दिला. सहीच्या खाली, त्याची आई.

२८ डिसेंबर
खात्यातून इंजिनिअरचा फोन आला. यांनी उचलला. बराच वेळ नुसते हं, हं करत होते. मग रिसीव्हर माझ्या हातात दिला, तुझा आहे म्हणाले, आणि बागेत गेले. बागेत या दिवसांत काही नसते.

माणूस सभ्य होता. म्हणाला, आई, केंद्रावर माणूस बसत नाही, यंत्र बसते. रोज एक दहाला ते स्वच्छ हवा आत घेते आणि आपले शून्य तपासून बघते, तेवढा वेळ आकडा देत नाही. तुमचे चिरंजीव नोकरी सोडून गेले, दीड वर्ष होऊन गेले. कुठे गेले, आमच्याकडे नोंद नाही.

मी म्हटले, बरं. थंडीचे जपा.

खात्यांच्या नोंदी वेळेवर कुठे होतात. यांना काही सांगायचे नाही. यांना हल्ली फोनवर नीट ऐकू येत नाही, तेच बरे.

२९ डिसेंबर
भाचीला विचारले, रिकाम्या ओळी कशा काढतात? का म्हणून विचारलेन नाही. सांगितलेन. काढल्या. रेघ सलग आली. इकडून तिकडे, कुठे थांबली नाही. बघवेना. जशा होत्या तशा परत ठेवल्या.

एक दहाला हे येऊन बसले. ताटाला हात लावला नाही. मान खाली घालून म्हणाले, बसला का जेवायला?

मी म्हटले, बसला.

मग जेवले. ताक मागितले नाही.

३० डिसेंबर
इंजिनिअरना पत्र टाकले. त्याची नक्कल:

साहेब, आपला फोन पोचला. नवा पत्ता नसला तरी हरकत नाही, तो आपण होऊन कळवेल. तक्रारही नाही. मी काही सांगत नाही, विचारते आहे. त्याच्या बरोबर काम केलेले कोणी तिथे असेल तर एवढेच विचारून घ्यावे, की तो होता तेव्हा खरोखर किती वाजता जेवत असे. इकडे दोन ताटे वाढायची असतात. उलट टपाली कळवावे.