चार्ज घेतला

३ नोव्हेंबर, सोमवार

आलो एकदाचा! बोईसर स्टेशनात उतरलो तेव्हा एका हातात बॅग आणि दुसऱ्यात उत्कर्षाने दिलेला मेथीच्या लाडवांचा डबा होता. लाडू खरं तर तिच्यासाठी केलेले. बाळंतपणाला माहेरी ती गेली आणि लाडू माझ्याबरोबर आले, यावरून तिकडे चाळीसगावात सासूबाई माझ्याबद्दल काय म्हणत असतील ते इथे बसूनही कळतं.

नोकरी रंग बनवणाऱ्या कारखान्यात, कॉम्प्युटर आणि मेल सांभाळायची. एचआरचे मितेशभाई भला माणूस. त्यांनी पहिल्याच चहात दुखणं सांगून टाकलं. तीन नंबरच्या प्लांटमधून पाठवलेले मेल पोचत नाहीत. पाठवणाऱ्याच्या स्क्रीनवर ‘पाठवला’ असं स्वच्छ दिसतं आणि ज्याला पाठवला त्याच्याकडे काही नाही. दोघंही देवाशपथ सांगतात आणि मला दोघांचंही खरं वाटतं. माझ्या आधीचा माणूस दोन महिन्यांत सोडून गेला. का, ते कोणी सांगत नाही. कॅन्टीनची डाळ पाहता मी त्याला दोष देणार नाही.

मोबाइल गेटवर जमा करावा लागतो, म्हणून जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या मेलवरून उत्कर्षाला दोन ओळी पाठवायच्या असं ठरलंय. डॉक्टरांनी तारीख डिसेंबरच्या मध्याची दिली आहे. बाळ होईल तेव्हा मी दाराशी उभा असेन असा शब्द दिलाय. लग्नानंतर तिला दिलेला एवढा एकच शब्द आहे जो मी अजून मोडलेला नाही.

६ नोव्हेंबर

राहायला जवळच्या पाम गावात जागा मिळाली. मागे चिकूची वाडी, पुढे ओटा, आणि घरमालकीण रखमाबाई. साठीच्या, बोलायला मऊ. शिफ्टची बस समोरच थांबते.

कामाला भिडलो. जे मेल हरवतात ते आधी स्पॅममध्ये शोधायचे. नाहीत. मग ज्याला पाठवला त्याचा मेलबॉक्स भरलाय का ते बघायचं. नाही. पत्ते तपासले, सर्व्हरच्या सेटिंग तपासल्या. शेवटी बाहेर जाणाऱ्या मेलची रांग उघडली तेव्हा चोर सापडला. सगळ्यांत पुढे एक मेल अडून बसलाय. तो जात नाही आणि मागच्यांना जाऊ देत नाही. दरवाज्यात पाहुणा गप्पा मारत उभा राहावा तसा. उडवला, आणि मागचे चाळीस मेल सुरसुर निघून गेले. मितेशभाईंनी वडापाव मागवला.

७ नोव्हेंबर

दुपारी दोन पन्नासला तो मेल परत आला.

९ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. दिवसभर ओट्यावर बसून होतो. साडेतीनला शिफ्टची बस थांबली तशा रखमाबाई बादलीत पाणी घेऊन बाहेर आल्या, ओट्याच्या कडेला ठेवली, आणि बस निघून गेली तरी रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या. पाणी तिथेच राहिलं.

रात्रीसुद्धा दाराला कडी नसते हे मी पहिल्या दिवशीच पाहिलं होतं. आज विचारलं. त्या सहज म्हणाल्या, “हे शिफ्टला गेलेत. यायचे हायत. कडी घातली तं बाहेर उबे रातीन.”

मालक अजून नोकरी करतात हे मला माहीत नव्हतं. कुठे, म्हणून विचारलं तर आमच्याच कारखान्याचं नाव.

११ नोव्हेंबर

आज अडलेला मेल उघडला. उघडू नये असा नियम आहे, पण रोज उडवून रोज दोन पन्नासला उगवणारा मेल मी तरी पाहिलेला नाही.

‘चार्ज घ्यावा. मी थांबलो आहे. खंडेराव, पहिली शिफ्ट, प्लांट तीन.’

खंडेराव हे रखमाबाईंच्या मालकांचं नाव. त्यांचं खातं तीन वर्षांपूर्वी बंद झालंय. ज्या कॉम्प्युटरवरून मेल येतो तो रिॲक्टरच्या, म्हणजे रसायन शिजवायच्या मोठ्या टाकीच्या, बाजूच्या छोट्या ऑफिसात आहे. त्या ऑफिसला कुलूप आहे, आणि वीज तोडलेली.

दुसऱ्या शिफ्टचे इनचार्ज धर्मेश यांना गाठलं. ते आधी टाळत होते. मग जे बोलले ते खाली मान घालून बोलले. पूर्वी पाळी बदलताना रजिस्टरवर समोरासमोर सही व्हायची. नंतर साहेबांनी कागद बंद केला. जाणाऱ्याने मेल करायचा, येणाऱ्याने त्याला ‘चार्ज घेतला’ असं उत्तर द्यायचं. उत्तर आल्याशिवाय जाणाऱ्याने खुर्ची सोडायची नाही, आणि मेल आल्याशिवाय येणाऱ्याने काही हातात घ्यायचं नाही. त्या दिवशी धर्मेशचा मेलबॉक्स दिवाळीच्या शुभेच्छांच्या फोटोंनी गच्च भरला होता. खंडेरावांचा मेल आत आलाच नाही. एका भिंतीच्या अलीकडे धर्मेश मेलची वाट बघत बसले, पलीकडे खंडेराव उत्तराची. पंचवीस मिनिटं. मग रिॲक्टर फुटला. खंडेराव खुर्चीतच गेले.

“भाऊ, दहा पावलं व्हती,” ते म्हणाले, “मी उटून गेलो नाय.”

१४ नोव्हेंबर

रांगेच्या नोंदींत जुने सगळे मेल आहेत. रोज एक, तीन वर्षं. हजाराच्या वर. आज बसून वाचले.

पहिला लांब आहे. रिॲक्टर दोनचं तापमान, थंड पाणी कमी पडतंय, व्हॉल्व्ह नीट बसत नाही, चार्ज लवकर घ्यावा. दुसऱ्या दिवशीच्या मेलमध्ये तेच, पण आकडे नाहीत. महिनाभराने एकात लिहिलंय, ‘घरी निरोप द्यावा, उशीर होईल.’ पुढे ओळी कमी होत जातात आणि गेल्या वर्षापासून फक्त तेवढंच उरलंय. चार्ज घ्यावा. मी थांबलो आहे.

कोणीतरी चावटपणा करतंय असं मी मनाला बजावत होतो. पण चावटपणा करणारा माणूस तीन वर्षं रोज इतक्या आदबीने लिहीत नाही. मला रडू आलं. सरळ सांगतो, टेबलावर डोकं ठेवून रडलो. ओट्यावरची ती बादली डोळ्यांसमोरून जाईना.

दोन पन्नासला मेल आला. मी उत्तर दिलं. ‘चार्ज घेतला. तुम्ही घरी जा. भाग्येश.’

तपासणीचा भाग म्हणूनही ते करायलाच हवं होतं. उत्तर गेलं की असं चक्र कधीकधी थांबतं.

१५ नोव्हेंबर

संध्याकाळी घरी आलो तर दार उघडेना म्हणून ढकललं. आतून कडी होती! रखमाबाईंनी उघडलं. केसात अबोलीचा गजरा. ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं आणि हळूच म्हणाल्या, “काल आले ते. दमलेले. नाय काय बोलले, पाय धुतले आन निजले.”

अंगावर काटा आला. पण इतका बरा काटा माझ्या अंगावर आजवर आलेला नाही. आज दोन पन्नासला मेल आला नाही. रांग रिकामी आहे.

१९ नोव्हेंबर

उत्कर्षा फोनवर रुसली. पाच दिवसांत मेल नाही म्हणे. मी रोज पाठवलाय. माझ्या स्क्रीनवर ‘पाठवला’ दिसतंय.

मितेशभाईंना रजेचं विचारलं. १० डिसेंबरपासूनची, मेल केला होता. त्यांच्याकडे आलाच नाही. दुसऱ्यांदा पाठवला तोही नाही. बाकी सगळ्यांचे जातात. फक्त माझे नाही. मेल दुरुस्त करणाऱ्याचाच मेल पोचेना, यावर कॅन्टीनमध्ये हशा झाला. मीही हसलो.

२४ नोव्हेंबर

रजेचा अर्ज हाताने लिहून मितेशभाईंच्या टेबलावर ठेवला. समोर बसले होते. मान हलवली. दुपारी विचारलं तर म्हणाले, कसला अर्ज? कागद तिथेच होता, त्यांच्या चहाच्या कपाखाली.

दोन पन्नासला मी कुठेही असलो तरी उठून तीन नंबरकडे चालू लागतो. आज कुलूपबंद ऑफिसच्या दाराशी भानावर आलो.

२८ नोव्हेंबर

गेटवर बोट ठेवलं, मशीन वाजलं नाही. तीनदा ठेवलं. शिपायाला हाक मारली, तो माझ्यामागच्या माणसाशी बोलत राहिला. मोबाइल त्याच्याकडेच राहिला. चालत बाहेर पडलो. बसला हात केला. बस थांबली नाही. ड्रायव्हर रोज मला ‘जळगाववाले’ म्हणून हाक मारतो.

चालत पामला गेलो. दाराला कडी होती. खूप वेळ वाजवली. आतून दोघांच्या बोलण्याचा आवाज येत होता.

१ डिसेंबर

आज बाहेर पडता आलं नाही. गेट ओलांडतो आणि ऑफिसच्या दाराशी असतो. सहा वेळा.

धर्मेशच्या समोर उभा राहून सगळं सांगितलं. ओरडून सांगितलं. त्यांनी फक्त खिडकी लावून घेतली, वारा येतो म्हणून.

३ डिसेंबर

आत आहे. छोट्या ऑफिसात. दाराला बाहेरून कुलूप. आत कसा आलो — आठवत नाही. कॉम्प्युटरची वायर तुटलेली आहे आणि स्क्रीन चालू आहे.

दोन पन्नासला बोटं आपोआप लिहू लागली. लांब लिहिलं. रजा, तारीख, चाळीसगावचा पत्ता, सगळं. शेवटी — चार्ज घ्यावा. मी थांबलो आहे.

९ डिसेंबर

जाणारे मेल अडतात, येणारे येतात. हे मला ठाऊक नव्हतं. उत्कर्षाचे सतरा आलेत. ‘अहो, फोन बंद का?’ ‘अहो, रागावलात का?’ ‘बाबा पोलिसांत गेले होते.’

भूक लागत नाही. लाडवांचा डबा पामला राहिला.

१६ डिसेंबर

मुलगी झाली.

पहाटे चारला. ‘तुमच्यासारखं कपाळ आहे. मी दाराकडे बघत होते.’

दाराकडे —

२९ डिसेंबर

बारसं केलं नाही तिने. ‘तुमच्याशिवाय नाव ठेवणार नाही’ म्हणते. नुसतं बाळ म्हणतात.

ठेव गं. उन्नती ठरलं होतं. ठेव.

पाठवला, असं दिसतंय.

१९ जानेवारी

उत्कर्षा पामला आली आहे. बाळाला घेऊन. माझ्याच खोलीत. रोज गेटवर येते, रोज परत पाठवतात.

आजचा मेल — ‘रखमाबाई म्हणाल्या, दाराला कडी लावू नकोस. साडेतीनला पाणी ठेवत जा.’

नको. नको गं असं.

२७ जानेवारी

माझ्या जागी नवीन बाई आल्यात. समिधा. भिंतीतून आवाज येतो. धर्मेश नोकरी सोडून गेले, त्यांच्या जागेवर बसून त्या रांग तपासतात. वडील आजारी आहेत, संध्याकाळी लवकर निघते, असं कोणाला तरी सांगत होत्या. हसतात छान.

सगळ्यांत पुढे एक मेल अडलाय म्हणाल्या.

२८ जानेवारी

समिधाबाईंनी मेल उघडला. वाचला. मोठ्याने. मग कोणाला तरी म्हणाल्या, गेटवर बाळ घेऊन उभी असते ती याचीच बायको ना?

रडल्या. मी ऐकलं.

मी पण असाच रडलो होतो.

२९ जानेवारी

त्यांना सगळं कळलंय. चार्जची पद्धत कोणीतरी सांगितली.

एक ओळ. त्यांनी एक ओळ लिहिली की मी साडेतीनच्या बसमध्ये. ओट्यावर पाणी. दार उघडं. उन्नती चव्वेचाळीस दिवसांची आहे.

आणि मग त्यांचे वडील दाराकडे बघत —

नाही.

दोन पन्नासला बोटं धरून ठेवायची. ती ओळ लिहायची नाही. दुसरं लिहायचं. जातं न जातं, रांगेत तर दिसेल.

३० जानेवारी, दोन पन्नास

जमलं. लिहिलं. ‘उत्तर देऊ नका. या मेलला कोणीही उत्तर देऊ नका. माझ्या बायकोला एवढं सांगा, मुलीचं नाव उन्नती ठेव. थांबू नकोस. दाराला कडी लाव.’

दोन एक्कावन्न. वाचताहेत. मोठ्याने.

खुर्ची पुढे ओढली.

की-बोर्डचा आवाज येतोय —

समिधाबाई, नको — तुम्ही चांगल्या आहात म्हणून नको — लिहू नका — उत्कर्षा, पाणी ठेव — नको, लिहू नका हो — मला घरी —